रक्तातलं आणि रक्ताचं

"मॅडम, रोगच रक्ताचा. मग तो रक्तातून पोरांत उतरणारच ना?" म्हापशातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा आलाय, की पहिल्या शब्दावरून पुढचा मला कळतो.

डिचोलीकडची एक आई. (ओळखीच्या खुणा बदलल्यात.) तिच्या वडिलांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा एक कॅन्सर, रोजच्या गोळीवर तब्येत ठीक. पण रिपोर्टात 'फिलाडेल्फिया क्रोमोसोम' (क्रोमोसोम म्हणजे गुणसूत्र) वाचलं आणि तिनं ठरवलं, हे घराण्यातलंच. देवळात प्रसाद घेतला, उजवा, म्हणजे शुभ कौल मिळाला. तरी रोज रात्री झोपलेल्या मुलाच्या अंगावर बॅटरी मारून काळेनिळे डाग शोधायची.

दोन भेटी मी समजावत बसले. १९६० साली सापडलेला हा क्रोमोसोम जन्माचा नसतो. ९ आणि २२ क्रमांकाच्या क्रोमोसोमांचे तुकडे हाडांच्या मज्जेतल्या एका पेशीत अदलाबदल होतात, तेही वाढत्या आयुष्यात कधीतरी. ती मान डोलवायची. बॅटरी चालूच.

तिसऱ्यांदा रिपोर्ट बाजूला ठेवून म्हटलं, "बाबांविषयी सांगा."

"माडावरून पडले होते एकदा. पोटरीवर हा एवढा वण."

"तुमच्या पोटरीवर?"

तिनं खरंच सलवार वर करून पाहिलं. हसली. मग थांबून म्हणाली, "तो वण त्यांचा. हाही तसाच?"

"तसाच."

"बॅटरी ठेवून दिली तर काय होईल?" मी विचारलं. बराच वेळ ती गप्प. "मग बाबांसाठी मी काहीच करत नाही, असं वाटेल."

माणसाला घटना छळत नाही, तिला लावलेला अर्थ छळतो, हे मी वर्षानुवर्षं इतरांना सांगते. आणि इथं मीच दोन भेटी क्रोमोसोम शिकवत होते! पण तो वणाचा प्रश्न सुचला, त्याचं मला आजही बरं वाटतं.

बहुतेक ल्युकेमिया वारशानं येत नाहीत. काही घरांत मात्र धोका खरा असतो: फॅन्कोनी ॲनिमिया, ली-फ्रॉमेनी सिंड्रोम असे दुर्मीळ आनुवंशिक आजार, किंवा रनएक्स१ जनुकातला दोष, ज्यात प्लेटलेट्स (रक्त गोठवायला लागणाऱ्या पेशी) पिढ्यानपिढ्या कमी दिसतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांतही धोका वाढतो, पण तो सहसा आईबापांकडून आलेला नसतो. ल्युकेमियाच्या क्रॉनिक लिम्फोसायटिक प्रकारात सख्ख्या नातलगांना धोका कित्येक पटींनी जास्त, तरी एकेकट्यापुरता लहानच. जवळच्या दोघा-तिघांना रक्ताचा कॅन्सर झाला असेल, तर रक्तरोगतज्ज्ञांना विचारून जनुकीय समुपदेशकाकडे जा. लहान मुलाच्या उगाच तपासण्या करत बसू नका.

दर तीन महिन्यांच्या तपासणीला बाबांना बांबोळीच्या सरकारी इस्पितळात आता तीच घेऊन जाते. आधी भाऊ न्यायचा.