फ्लॅम्बॉयंट म्हणजे भपकेबाजच का?

प्रश्न : इंग्रजी वर्तमानपत्रांत एखादा फलंदाज, एखादा गायक आणि एखादा उद्योगपती अशा तिघांनाही ‘फ्लॅम्बॉयंट’ म्हटलेले दिसते. कोशात ‘भपकेबाज’ असा अर्थ मिळतो. तो तिन्ही ठिकाणी चालेल का? (वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. भपका म्हटला की आत फारसे काही नाही आणि वरवर थाटमाट फार, असे आपल्या मनात येते. भपकेबाज म्हणणारा माणूस नाक मुरडूनच बोलत असतो. इंग्रजी शब्दात ही नापसंती अंगभूत नाही. लक्ष वेधून घेणारे, उसळते, हात आखडता न घेता केलेले, एवढेच तो सांगतो. ते आवडले की नाही, हे आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरते.

शब्दाच्या मुळाशी ज्वाला आहे. लॅटिनमध्ये ‘फ्लामा’ म्हणजे ज्योत. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये भडकणे, लखलखणे या अर्थाचे क्रियापद झाले आणि ‘फ्लॅम्बॉयंट’ हे त्याचे विशेषण. इंग्रजीत तो १८३० च्या दशकात आला तो माणसांसाठी नव्हे, तर दगडी खिडक्यांसाठी. फ्रान्समध्ये चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून सोळाव्याच्या सुरुवातीपर्यंत बांधलेल्या चर्चच्या खिडक्यांमध्ये दगडी पट्ट्यांची जाळी असते. त्याआधीच्या शैलीत ही जाळी वर्तुळे आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा यांची होती. नंतरच्या कारागिरांनी पट्टी आधी बाहेर आणि मग आत वळवली. अशा दुहेरी बाकाच्या दोन पट्ट्या टोकाला मिळाल्या की मधली फट खाली फुगीर आणि वर निमुळती, हुबेहूब ज्वाळेच्या जिभेसारखी दिसते. रूआँ शहरातले सेंट माक्लू चर्च (बांधकामाची सुरुवात १४३७) याचा नामांकित नमुना. वास्तुशास्त्रात आजही या शैलीचे नाव ‘फ्लॅम्बॉयंट गॉथिक’ (गॉथिक म्हणजे टोकदार कमानींची मध्ययुगीन युरोपीय शैली) असेच आहे, आणि तिथे त्याचा अनुवाद ‘भपकेबाज गॉथिक’ केला तर साफ चूक ठरेल. ‘ज्वालाकृती जाळीची गॉथिक शैली’ असे सरळ लिहावे.

माणसांना हा शब्द लागू लागला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तेव्हापासून तो मुख्यतः वागण्याच्या, हालचालीच्या ढबीबद्दल बोलतो. पैसा त्यात असेलच असे नाही. ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारोख बलसारा, हे सगळ्यात चांगले उदाहरण. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीसाठीच्या संगीत कार्यक्रमात तो उभा राहिला तो पांढरा बिनबाह्यांचा बनियन आणि फिकट जीन्स घालून. हातात खाली बैठक नसलेला मायक्रोफोनचा अर्धाच दांडा. अंगावर भपक्याचे काही नव्हते, तरी त्या सादरीकरणाला फ्लॅम्बॉयंट म्हणावेच लागते, कारण ते सगळे दांडा फिरवण्यात, मूठ उंचावण्यात, हजारोंच्या गर्दीकडून सूर गाऊन घेण्यात होते. मराठीत इथे ‘बेधडक नाट्यमय’ किंवा ‘रंगमंच पेटवणारा’ म्हणता येईल.

फलंदाजाचे तसेच. फारुख इंजिनीअरने १९६७ च्या जानेवारीत मद्रास कसोटीत वेस्ट इंडिजविरुद्ध पहिल्या दिवशी उपाहारापर्यंत नाबाद ९४ धावा काढल्या, तेही हॉल आणि ग्रिफिथ या वेगवान गोलंदाजांच्या माऱ्यासमोर. अशा खेळाला ‘आतषबाजी’, ‘दिलखेचक’, ‘बिनधास्त’ हे शब्द शोभतात. उद्योगपतीच्या बाबतीत मात्र बातमीचा रोख पाहा. मेजवान्या, विमाने, बोटी यांचे वर्णन असेल तर ‘ऐषारामी’ किंवा ‘छानछोकीचा’. लेखक टीका करत असेल तर तिथे खुशाल ‘भपकेबाज’ वापरा.

प्रश्न : मॉरिशसमधल्या एका कथेचा अनुवाद करते आहे. त्यात ‘अंगणात एक फ्लॅम्बॉयंट उभा होता’ असे वाक्य आहे. पुढे माणूस येत नाही. काय असावे? (वाचक, सातारा)

उत्तर : गुलमोहर. फ्रेंच आणि क्रिओल (फ्रेंचवरून घडलेली स्थानिक बोली) बोलणाऱ्या बेटांवर हे त्या झाडाचे रोजचे नाव आहे. तिथल्या मराठी भाषकांनाही ते ओळखीचे. झाड मूळचे मादागास्करचे, शास्त्रीय नाव डेलोनिक्स रेजिया. फूल जवळून पाहिले तर नावाचे कारण कळते : पाच पाकळ्या, चार लालभडक आणि पाचवी उभी, पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, कडेला चुणीदार.

दोन गोष्टी सांभाळा. ‘फ्लेम ऑफ द फॉरेस्ट’ असे आले तर भारतातल्या मजकुरात तो बहुधा पळस असतो. दोन्ही नावांत ज्वाळा असल्याने गोंधळ होतो. दुसरे, मॉरिशस दक्षिण गोलार्धात. तिथे गुलमोहर नोव्हेंबर ते जानेवारीत, नाताळच्या सुमाराला फुलतो. ‘ऐन वैशाखात’ असा आपल्याकडचा रंग अनुवादात भरू नका, कथेचा ऋतूच उलटा होईल.

प्रश्न : पनॅश, स्वॅगर, ऑस्टेंटेशस हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : क्वचितच. पनॅश म्हणजे मुळात शिरस्त्राणावरचा पिसांचा तुरा. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री १५९० मध्ये इव्रीच्या लढाईत पांढरा तुरा लावून उतरला आणि ‘माझ्या पांढऱ्या तुऱ्यामागे या’ असे त्याने सैन्याला सांगितल्याची आख्यायिका आहे. एदमोँ रोस्ताँच्या १८९७ च्या ‘सिरानो द बर्जराक’ नाटकात मरणाऱ्या नायकाच्या तोंडचा अखेरचा शब्द हाच. म्हणून अडचणीत, धोक्यातही डौल न सोडणे ही त्यातली खरी छटा. हा शब्द नेहमी स्तुतीचा, आणि बहुधा एखाद्या कृतीला लावतात : अमक्याने ती गोष्ट पनॅशने केली, म्हणजे ‘मोठ्या झोकात’ केली.

स्वॅगर चालण्यात दिसतो. वेस्ट इंडिजचा फलंदाज व्हिव्हियन रिचर्ड्स हेल्मेट न घालता, च्युइंगगम चघळत, सावकाश खेळपट्टीकडे यायचा, तो स्वॅगर. मराठीत ‘रुबाब’ किंवा ‘ऐट’. नापसंती असेल तर ‘तोरा’. तरुण मंडळींच्या बोलण्यातला ‘स्वॅग’ त्याचाच धाकटा भाऊ.

ऑस्टेंटेशसमध्ये मात्र दुसऱ्याला दाखवण्याचा हेतू असतो, बहुतेक वेळा श्रीमंती. हा शब्द स्तुतीत येत नाही. कोशातला ‘भपकेबाज’ खरा इथेच बसतो.

प्रश्न : एका ब्रिटिश कलावंताच्या जुन्या मृत्युलेखात ‘फ्लॅम्बॉयंट, आयुष्यभर अविवाहित’ असे आहे. यात आणखी काही सुचवले आहे का? (वाचक, पुणे)

उत्तर : शक्यता आहे. ब्रिटिश आणि अमेरिकी पत्रकारितेत, समलैंगिकतेबद्दल उघड लिहिता येत नव्हते त्या काळात, हा शब्द सूचक म्हणून वापरला जाई. इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांमधले समलैंगिक संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होते, त्यामुळे असे आडवळण घ्यावे लागे. अनुवाद करताना सूचना सूचनाच राहू द्या. ‘नटवा’, ‘बायकी’ असले शब्द तर अजिबात नकोत. मूळ लेखकाने न केलेली हेटाळणी त्या माणसाच्या माथी मारली जाते. ‘रंगतदार व्यक्तिमत्त्वाचा’ पुरे. आणि आज जिवंत माणसाबद्दल इंग्रजीत लिहिताना हा शब्द वापरलात, तर वाचणारा हा अर्थ काढू शकतो याची जाणीव ठेवा. नोकरीच्या शिफारसपत्रात तो टाळावाच.

प्रश्न : उच्चार आणि स्पेलिंग नेमके काय? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : फ्लॅम्-बॉय्-अन्ट, जोर मधल्या ‘बॉय’वर. ‘फ्लेमबॉयंट’ चुकीचे. फ्लेम डोक्यात असल्याने पुष्कळ जण एम नंतर ई घालतात; तिथे ई नाही, एम नंतर थेट बी. शेवट ए-एन-टी असा, ई-एन-टी नव्हे. नाम करायचे तर ‘फ्लॅम्बॉयन्स’. आवाज जुळतो म्हणून ‘फ्लॉन्ट’ (मिरवणे) आणि ‘फ्लाउट’ (नियम धाब्यावर बसवणे) यांच्याशी त्याची गल्लत होते. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.