डाव्या बरगडीखालचे दुखणे

प्रश्न : माझे वय ४७ आहे. मी कांदिवलीला राहतो आणि नोकरीसाठी रोज लोकलने चर्चगेटला जातो. महिनाभरापासून पोटाच्या वरच्या भागात, डाव्या बरगडीखाली दुखते आहे. सकाळी नुसता चहा घेऊन निघालो की अंधेरी येईपर्यंत जळजळ सुरू होते. कंबरदुखीसाठी दोन महिन्यांपासून जवळजवळ रोज औषधाच्या दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी घेतो. गेल्या पावसाळ्यात व्हायवॅक्स मलेरिया होऊन गेला. घरचे गॅस म्हणतात, तर शेजारी हृदयाची भीती घालतात. नेमके काय असावे?

उत्तर : ‘गॅस’ हा शब्द आपल्याकडे इतका सैल वापरला जातो की त्यात जळजळीपासून हृदयविकारापर्यंत सगळे मावते, म्हणून तो तूर्त बाजूला ठेवू. तुम्ही सांगता त्या जागी जठर, प्लीहा, स्वादुपिंडाचे टोक, मोठ्या आतड्याचे वळण आणि मागे डावे मूत्रपिंड असे अवयव दाटीवाटीने बसलेले आहेत. त्यामुळे नुसत्या जागेवरून निदान होत नाही. दुखणे केव्हा येते, कशाने वाढते आणि सोबत आणखी काय असते, हे पाहावे लागते.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय त्या गोळीवर आहे. जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करणारा थर ज्या द्रव्यांमुळे टिकतो, त्यांची निर्मितीच अशा वेदनाशामक गोळ्या कमी करतात. परिणामी अस्तराला सूज येते, क्वचित व्रण होतो. ती गोळी आजच थांबवा आणि कंबरेसाठी दुसरा उपाय डॉक्टरांना विचारा. व्रणाचे दुसरे मोठे कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. शौचाच्या किंवा श्वासाच्या तपासणीत तो सापडतो, मात्र आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी दोन आठवडे त्या बंद ठेवाव्या लागतात. हे न सांगितल्यामुळे कित्येकदा अहवाल चुकीने ‘नाही’ असा येतो.

दुसरी बाब मलेरियाची. त्यात प्लीहा सुजते आणि उपचारानंतर काही आठवड्यांत पूर्ववत होते. व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दडून राहतात; ताप उतरल्यावर प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स अर्धवट सोडला असेल, तर आजार पुन्हा डोके वर काढतो. डॉक्टर तुम्हाला उजव्या कुशीवर वळवून दीर्घ श्वास घ्यायला लावतील, कारण श्वासासरशी वाढलेली प्लीहा खाली सरकून बोटांना लागते. खात्रीसाठी सोनोग्राफी करावी. वाढलेल्या प्लीहेला गर्दीतला एखादा जोरदार कोपरही बाधू शकतो.

इतर कारणे तुमच्या वर्णनाशी कमी जुळतात. स्वादुपिंडाच्या सुजेत वेदना पाठीत आरपार जाते, उलट्या होतात आणि माणूस पुढे वाकून बसला की थोडे बरे वाटते. मद्यपान आणि पित्ताशयातले खडे ही त्याची मुख्य कारणे. मुतखड्याची कळ कमरेतून जांघेकडे उतरते. बरगडीवर बोट दाबताच नेमके तिथेच दुखले, तर बहुधा स्नायूचे किंवा कूर्चेचे दुखणे असते. नागिणीत मात्र आधी आग होते आणि पुरळ काही दिवसांनी उठते.

शेजाऱ्यांची शंका मी हसण्यावारी नेणार नाही. स्टेशनचा पूल चढताना दुखणे येते आणि थांबल्यावर जाते का, हे आठवून पाहा. तसे असेल किंवा तुम्हाला मधुमेह असेल, तर पोटाच्या तपासण्यांआधी ईसीजी काढून घ्या. घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ, डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, चक्कर किंवा पोट लाकडासारखे कडक होणे, यांपैकी काहीही झाले तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा आणि तोवर ‘गॅसची’ गोळी घेऊन वाट पाहत बसू नका. एरवी याच आठवड्यात फिजिशियनकडे जा, आणि जाताना त्या गोळ्यांची रिकामी पट्टी व मलेरियाचे जुने कागद सोबत न्या.