चाच्यांचा की चाचांचा?

प्रश्न: सुट्टीत मुलाला समुद्री लुटारूंचा सिनेमा दाखवला. तेव्हापासून विचारतोय, लुटारूला 'चाचा' का म्हणायचं? हिंदीतल्या चाचावरून आलं का? कान्होजी आंग्रेपण चाचेच होते का? आणि अशा सिनेमाला इंग्रजीत 'स्वॅशबकलर' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावं? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: सिनेमा मीही पाहिला. बाहेर 43 अंश असताना दोन तास गार हवेत बसून दुसऱ्यांची जहाजं बुडताना बघणं वाईट नाही. पण बाहेरच्या फलकावर 'समुद्री चाचांचा थरार' लिहिलं होतं, त्यानं डोकं तापलं ते तापलंच. चाचांचा थरार म्हणजे बेगम पेठेतल्या आपल्या चाचांचा! नात्यानं हाक मारायचे असे शब्द वाकत नाहीत: काकांचा, मामांचा, चाचांचा. लुटारू मात्र घोड्यासारखा चालतो: घोडा-घोड्यांचा, चाचा-चाच्यांचा. हल्ली बातम्यांतही हेच ऐकतो, म्हणून एवढं तोंड वाजवलं.

हिंदी चाचाशी याचा काडीचा संबंध नाही. जुन्या मराठीत हा 'चांचा' आहे, डोक्यावर टिंबासकट. गुजरातीत 'चांचियो'. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर जाफराबादजवळ चांच नावाचं गाव आहे, तिथल्या लुटारूंवरून हा शब्द आला असं मानतात आणि मलाही ते पटतं. काही पंडित 'चोच मारणारा तो चांचा' असं सांगतात. त्यांनी खुशाल चोच मारावी. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारलेले अनुस्वार काढून टाकले. त्या लाटेत हे टिंब गेलं आणि लुटारूचा काका झाला.

आता कान्होजी. खरी गंमत इथं आहे. ते 'सरखेल' होते, मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख. हा शब्द 'सर' आणि 'खेळ' मिळून झाला, असं एका व्याख्यानात ऐकलं आणि खुर्चीत बसवेना. 'सर' फारसी, म्हणजे डोकं, म्होरक्या. 'खैल' मूळ अरबी, म्हणजे घोडे! फारसीत त्याचा अर्थ झाला टोळी, तुकडी. दर्या हाकणाऱ्याच्या पदवीत घोडे खिंकाळतायत. चौदाव्या शतकातला इतिहासकार झियाउद्दीन बरनी दिल्लीच्या फौजेची उतरंड सांगतो, त्यात सरखेल अगदी तळाला आहे, फक्त दहा स्वारांवरचा. तोच शब्द कोकणात उतरला आणि थेट आरमाराच्या शेंड्यावर जाऊन बसला. दहा घोड्यांच्या मुकादमाला एवढी बढती कोणी दिली? माझं मत असं: दख्खनच्या दफ्तरात फौजी हुद्द्यांचे जे शब्द होते ते बरेचसे घोडदळाचे. कारकुनांनी तेच पाण्यात ढकलले. विजापूरचं दफ्तर आपल्यापासून किती लांब आहे? शंभर किलोमीटर. हे मी मांडलं तेव्हा एका इतिहासाच्या प्राध्यापकांनी 'पुरावा काय?' म्हणून नाक मुरडलं. घोड्याची पदवी समुद्रावर जाईलच कशी, म्हणे! अहो, इंग्रजीतला 'मार्शल' मुळात घोड्यांची देखभाल करणारा चाकर. आज हवाई दलात एअर मार्शल आहेत. तिथं घोडा उडाला तर चालतो, इथं पोहला तर नाही?

राहिला चाचेपणा. कान्होजी दस्तक देत, म्हणजे परवाना. दस्तक न घेता आलेलं जहाज पकडत. पोर्तुगीज त्यांच्या आधीपासून तेच करत होते, परवान्याला 'कार्ताझ' म्हणत. पोर्तुगिजांनी घेतलं तर महसूल आणि आंग्र्यांनी घेतलं तर लूट, हा इंग्रजांच्या वहीतला हिशोब. 1718 साली अमेरिकेच्या किनाऱ्यावर 'काळी दाढी' म्हणून गाजलेला एडवर्ड टीच मारला गेला. तो खरा चाचा. त्याच साली मुंबईचे इंग्रज कान्होजींच्या खांदेरी किल्ल्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. मुलाला हे दोन्ही किस्से सांगा, सिनेमापेक्षा कमी नाहीत.

स्वॅशबकलर राहिलाच की. 'स्वॅश' म्हणजे दाणकन आपटणं, 'बकलर' म्हणजे मुठीत धरायची छोटी ढाल. ढाल बडवत, छाती फुगवत फिरणारा फुशारखोर. 'ढालबडव्या' म्हणा हवं तर. फक्त पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे, तेव्हा कुठं म्हणताय ते बघून म्हणा.