परभणीहून शिकागोला: घरचे शिक्षण आणि वाचनालयाची पुस्तके

ताई, शिकागोला आल्यावर ७ आणि १० वर्षांच्या मुलांना घरीच शिकवायचे तुम्ही ठरवले आहे आणि परभणीहून कोणती पुस्तके सोबत आणावीत, असे विचारले आहे. मी मूळची अंबाजोगाईची असून शिकागोजवळच्या एका उपनगरात ६ वर्षांपासून मुलांना घरी शिकवते. माझे स्पष्ट मत असे की इंग्रजी पुस्तकांवर सामानाचे वजन खर्च करू नका, मराठी पुस्तके मात्र अवश्य आणा, कारण इथल्या वाचनालयांत ती फार थोडी मिळतात.

इलिनॉय राज्यात १९५० च्या न्यायालयीन निकालापासून घरची शाळा ही खाजगी शाळाच मानली जाते, त्यामुळे परवानगीपेक्षा घर कुठे घ्यायचे हा प्रश्न मोठा आहे. वाचनालये मुख्यतः स्थानिक मालमत्ता करावर चालतात आणि काही वस्त्या कोणत्याच वाचनालयाच्या हद्दीत येत नाहीत. तिथल्या रहिवाशांना कार्डासाठी दरवर्षी शुल्क मोजावे लागते. म्हणून भाडेकरारावर सही करण्यापूर्वी तो पत्ता कोणत्या वाचनालयाकडे येतो, हे फोन करून विचारा.

आपल्याकडे अनामत भरून एक-दोन पुस्तके घरी नेण्याची सवय असते. इथे मी एका फेरीत तीसेक पुस्तके आणते, आणि खरी कसोटी ती सांभाळण्यात आहे. आमच्याकडे वाचनालयाची पुस्तके एकाच टोपलीत राहतात, परतीच्या तारखांची पावती फ्रिजवर लावलेली असते आणि दर गुरुवारी मोठी मुलगी पावतीवरून पुस्तके मोजते. पुढचा विषय ठरला की मी तीन आठवडे आधीच पुस्तके राखून ठेवते, कारण दुसऱ्या कुणी एखादे पुस्तक मागितले असेल तर आपल्याला मुदत वाढवून मिळत नाही आणि धडा अर्धवट राहतो. जवळ नसलेले पुस्तक दुसऱ्या वाचनालयातूनही मागवता येते. वाचनालयाच्या कार्डावर ई-पुस्तके देणाऱ्या लिबी ॲपवरचे पुस्तक तर मुदत संपताच आपोआप परत जाते.

शिकागो शहराच्या वाचनालयाने ऑक्टोबर २०१९ पासून उशिराचा दंड बंद केला आहे, पण हरवलेल्या पुस्तकाची किंमत भरावीच लागते. आमच्या धाकट्याच्या हातून ज्वालामुखींवरचे एक पुस्तक पावसात भिजले, तेव्हा त्याला सोबत नेऊन मी खिडकीवर खरे काय ते सांगितले आणि पैसे भरले. त्या दिवसापासून तो टोपलीवर प्लास्टिक आठवणीने झाकतो.

मराठी पुस्तके वेगळ्या कपाटात ठेवा. घाईत आमचे एक मराठी पुस्तक वाचनालयाच्या परतीच्या पेटीत गेले आणि ते परत मिळायला दोन आठवडे लागले, तेव्हा इथे आल्यावर प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव आणि इथला फोन क्रमांक लिहून ठेवा.