वाचकांचे प्रश्न: विहीर, बीळ आणि वारूळ

प्रश्न: नव्या विहिरीचं काम सुरू आहे. वर 12 फूट काळी माती आहे, त्याखाली मुरूम लागला. एका रात्रीच्या अवकाळी पावसानं एक बाजू ढासळली. पुढचं खोदकाम करावं की थांबावं?
– एक शेतकरी, दारव्हा, जि. यवतमाळ

थांबा, आणि आधी काठावरची माती हलवा. 20 फूट व्यासाची विहीर एक फूट खाली गेली की 314 घनफूट, म्हणजे 3 ब्रासहून जास्त माती निघते. तुमच्या 12 फुटांत 37 ब्रास झाली. ब्रासभर माती 4 टनांच्या पुढे भरते. यारीवाला (यारी म्हणजे माती वर ओढणारं यंत्र) सोय म्हणून हा ढीग काठालाच ओततो, म्हणजे दीडशे टनांचा भार नेमका कच्च्या थडीवर येतो. ढीग काठापासून निदान 10 फूट दूर हवा. यारीसुद्धा ढासळलेल्या बाजूला नको.

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. पावसाचं पाणी त्या भेगांतून थेट थडीच्या मागे उतरतं आणि मातीची अख्खी लादी सुटून खाली येते. उन्हाळ्यात सरळ उभी दिसणारी थडी म्हणूनच भरवशाची नसते. मातीच्या थरात दर फूट खोलीला एक फूट मागे सरका, किंवा 4 फुटांवर 4 फूट रुंद पायरी सोडत उतरा. जमीन जास्त अडते हे खरं, पण दुसरा स्वस्त उपाय नाही.

बांधकाम घट्ट मुरुमावरून उचला, मातीवरून नको. भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवा. भिंतीमागची पोकळी मुरूम आणि गिट्टीनं भरा. इथं बहुतेक जण निघालेली काळी मातीच परत ढकलतात. ती पहिल्याच पावसाळ्यात फुगते आणि नव्या भिंतीला आतून पोट येतं. मातीच्या थराचं बांधकाम रोहिणी लागायच्या आत उरकावं. खालचा पाषाण फोडायला पुढचा उन्हाळा आहेच.

प्रश्न: संत्रा बागेतली जुनी विहीर 3 वर्षांपासून वापरात नाही. गाळ काढायचा आहे. कंदील सोडून पाहिला की पुरे ना?
– एक बागायतदार, मोर्शी, जि. अमरावती

पुरे नाही. कंदील विझला तर उतरायचं नाही, हे पक्कं. पण तो जळत राहिला म्हणजे हवा चांगली आहे, असं होत नाही.

हवेत प्राणवायू साधारण 21 टक्के असतो. तो 16 टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. कुजणाऱ्या गाळातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, त्यामुळे तो तळाशीच साचून राहतो. इथवर कंदील कामाचा आहे. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड मात्र त्याला कळत नाही, आणि हा वायू वाढला की नाकही बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून लोक उतरतात, तिथंच घात होतो. तिसरा धोका आपणच आत नेतो तो. विहिरीत उतरवलेल्या डिझेल पंपाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना वासानं कळतो, ना ज्योतीनं. इंजीन काठावरही धूर वाऱ्यानं विहिरीकडे येणार नाही अशा बाजूला, विहिरीपासून दूर ठेवा. उपशाला विजेची मोटर बरी; माणूस आत असताना तिचा पुरवठा बंद हवा.

जमलं तर वायू मोजणारं यंत्र भाड्यानं आणा. नसेल तर ब्लोअरचा पाइप थेट तळापर्यंत सोडून निदान अर्धा-पाऊण तास हवा मारा आणि माणूस आत असेपर्यंत ब्लोअर बंद करू नका. नंतर कंदील सोडून पाहा. सोडताना तोंड विहिरीवर ओणवं नको, गाळात पेट घेणारा वायूही असतो. गाळात फावडं घातलं की अडकलेला वायू नव्यानं सुटतो, म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतर तपासणी पुन्हा करायची.

उतरणाऱ्याच्या काखेखालून दोर बांधलेला असावा, दुसरं टोक वर दोघांच्या हातात. हाकेला ओ आली नाही की ओढून घ्यायचं. त्याला काढायला दुसऱ्यानं उडी घेऊ नये. भाऊ पडला म्हणून भाऊ उतरला, अशानंच एका विहिरीत तीन-तीन माणसं जातात.

प्रश्न: हरभऱ्यात उंदरांचा फार त्रास आहे. औषध टाकलं, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच.
– एक शेतकरी, मूर्तिजापूर, जि. अकोला

तुमच्याकडच्या जमिनीत भेगाच इतक्या, की बीळ कोणतं आणि भेग कोणती हेच कळत नाही. संध्याकाळी सगळी तोंडं चिखलानं बुजवा. सकाळी जी उघडी दिसतील, किंवा ज्यांच्यासमोर मऊ, ताज्या मातीचा ढीग दिसेल, ती चालू बिळं. लहान घूस स्वतःच तोंड मातीनं बंद करून घेते, म्हणून ढिगाकडे लक्ष हवं. औषध फक्त तिथंच टाका.

पहिले दोन दिवस नुसता तेल लावलेला भरडा ठेवा, म्हणजे उंदीर धीट होतात. तिसऱ्या दिवशी 960 ग्रॅम भरडा, 20 ग्रॅम गोडेतेल आणि 20 ग्रॅम झिंक फॉस्फाइड काठीनं कालवून 10-10 ग्रॅमच्या कागदी पुड्या बिळात खोल सारा आणि तोंड बुजवा. कालवताना हातमोजे घाला, तोंड झाका, आणि उघड्यावरच कालवा; ओलीशी गाठ पडली की या औषधातून विषारी वायू निघतो आणि त्यावर उतारा नाही. मेलेले उंदीर खोल पुरा.

दोन दिवसांनी पुन्हा तेच, याची कारणं दोन. थोडं खाऊन वाचलेला उंदीर ते आमिष परत तोंडात धरत नाही. अशा वेळी पुढचा हप्ता ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या उंदीरनाशकाचा द्यावा. दुसरं म्हणजे शेजारचं शेत मोकळं राहिलं की रिकाम्या बिळांना नवे मालक मिळतात. अख्ख्या शिवारानं एकाच आठवड्यात मोहीम केली तरच ती फळते, आणि तीही घाटे भरण्याआधी. बीळ उकरायचं तर टिकासनं उकरा, हात घालू नका. आयत्या बिळावर नागोबा असतोच.

प्रश्न: धानाच्या बांधीतलं पाणी खेकड्यांच्या बिळांतून खालच्या बांधीत उतरतं. तोंड बुजवलं तरी थांबत नाही.
– एक शेतकरी, साकोली, जि. भंडारा

खेकडा ओलीचा माग काढत खाली जातो. दोन बांध्यांची पातळी वेगळी असली की धुऱ्यातलं, म्हणजे मधल्या बांधातलं ते बीळ नळासारखं वाहतं. खालच्या तोंडातून गढूळ पाणी येत असेल तर आतली माती वाहते आहे, त्याच दिवशी हात घाला. वरच्या बाजूनं पाणी उतरवून बिळाच्या मागोमाग धुरा खणत जा, आणि चार-चार बोटांच्या थरांत चिखल पायानं दाबून भरा. तणस कोंबू नका, ती कुजली की वाट पुन्हा मोकळी. कीटकनाशक तर मुळीच नको. बांधीतले मासे मरतात, आणि ते खेकडे कोणाच्या तरी ताटात जातात. रोवणीआधी धुऱ्याची आतली बाजू तासून चिखलानं लिंपली तर निम्मा त्रास वाचतो.

प्रश्न: धुऱ्यावरची वारुळं रात्रीतून फोडलेली दिसतात. रानडुक्कर असेल का?
– एक वाचक, मोताळा, जि. बुलढाणा

डुक्कर नाकानं उकरतं. त्याचे चर उथळ, रुंद, वेडेवाकडे असतात आणि आसपास खुरांचे ठसे दिसतात. वारुळात सरळ खोल गेलेला खड्डा आणि कडेला नखांचे लांब ओरखडे असतील तर ते अस्वल. त्याला वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसतात. त्या फटीतून ते उधई ओढून घेतं. पहाटे एकट्यानं पाण्यावर जाऊ नका, बोलत-खाकरत जा, आणि वनविभागाला कळवून ठेवा.

प्रश्न: वैनगंगेच्या दरडीत ओळीनं गोल भोकं आहेत. साप असतील का?
– एक विद्यार्थी, पवनी, जि. भंडारा

साप स्वतः असं बीळ खणत नाही. भोकाच्या तळाशी पायांच्या घासण्यानं पडलेल्या दोन बारीक चऱ्या दिसतात का पाहा. दिसल्या तर घरटं वेडा राघू किंवा खंड्या यांपैकी कोणाचं तरी. पिल्लं उडून जाईपर्यंत तिथली वाळू-माती काढू नये.