ड्राय आइसला चमचा टेकवल्यावर तो का किंचाळतो, आणि हा प्रयोग वर्गात दाखवावा का?

ड्राय आइसला चमचा लावून आवाज काढण्याचा प्रयोग आठवीच्या वर्गात करावा का आणि तो आवाज कशामुळे येतो, असे आपण विचारले आहे. मी लातूर जिल्ह्यातील एका शाळेत विज्ञान शिकवतो. हा प्रयोग जरूर करावा असे माझे मत आहे, मात्र पांढऱ्या धुरासाठी नव्हे. धुराने मुले खूश होतात, पण शिकण्यासारखे सारे त्या आवाजात आहे.

ड्राय आइस म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड. त्याचे तापमान उणे 78.5 अंश सेल्सिअस असते आणि नेहमीच्या वातावरणीय दाबाला तो न वितळता थेट वायू होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात 35 अंशांवर असलेला चमचा त्याला टेकतो तेव्हा दोहोंच्या तापमानात 110 अंशांहून अधिक फरक असतो. धातूची उष्णता स्पर्शाच्या जागी झपाट्याने पोहोचते, तेथे एकदम वायू तयार होतो आणि त्याच्या दाबाने चमचा किंचित उचलला जातो. वायू निसटताच दाब उतरतो, चमचा पुन्हा टेकतो आणि पुन्हा तेच घडते. भाताच्या पातेल्यावरचे झाकण वाफेने खडखडते तसाच हा प्रकार, फक्त इतक्या वेगाने चालणारा की खडखडीऐवजी कर्कश सूर कानी पडतो.

म्हणूनच एकाच चमच्यावर थांबू नये. आधी लाकडी उलथणे लावावे, ते जवळजवळ गप्प राहते. मग स्टीलचा चमचा, आणि शेवटी देवघरातील तांब्याची पळी. तांब्याची उष्णतावहनक्षमता स्टेनलेस स्टीलच्या सुमारे पंचवीस पट आहे, त्यामुळे पळी अधिक जोमाने बोलते. ती गार झाली की आवाज मंदावतो. घटकाभर उन्हात ठेवून पुन्हा लावली की पूर्ववत होतो, आणि उष्णतेशिवाय हा आवाज नाही हे मुलांना सांगावे लागत नाही. धातू हलकेच धरावा, दाबून धरल्यास कंपने थांबतात. मेरी वॉलर या संशोधिकेने 1930च्या दशकात ड्राय आइसच्या याच गुणाचा उपयोग करून धातूच्या तबकड्या कंपित केल्या आणि क्लाड्नी आकृत्यांचा, म्हणजे कंपणाऱ्या तबकडीवर भुरभुरलेल्या वाळूत उमटणाऱ्या नक्षींचा, अभ्यास केला.

काळजीबाबत मात्र तडजोड नको. हातात जाड, कोरडे हातमोजे हवेत. तुकडा घट्ट झाकणाच्या बाटलीत किंवा डब्यात कधीही भरू नये, कारण एक किलो ड्राय आइसपासून पाचशे लिटरहून अधिक वायू होतो व बाटली फुटते. जीपमधून थर्माकोलच्या खोक्यात आणताना काचा उघड्या ठेवाव्यात, नाहीतर साचलेल्या वायूने गुदमरायला होते. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि आपल्याकडे अनेक शाळांत मुले सतरंजीवरच बसतात. तेव्हा मुलांना उभे करून हा प्रयोग व्हरांड्यात टेबलावर करावा आणि उरलेले तुकडे मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा मोकळ्या जागी उडून जाऊ द्यावेत.