बाल्डर्स गेट ३: झोपायला घाबरू नकोस

अरे, हा व्हिडिओ गेम पहिल्यांदा खेळणारे बहुतेक जण हीच चूक करतात. आपल्या पात्राच्या डोक्यात अळी वळवळतेय, वेळ संपतोय, या धास्तीने झोप टाळायची आणि अर्धमेल्या टोळीनिशी पुढच्या लढाईत मार खायचा. मीही तेच केलं. ती अळी दिवस मोजत नाही! उलट रात्री तळावरच सोबती मन मोकळं करतात. झोपलाच नाहीस तर अर्धी गोष्ट हुकते.

सध्या एवढंच बघ:

- मोठ्या विश्रांतीला, म्हणजे रात्रीच्या झोपेला, ४० शिधा लागतो, टॅक्टिशियन या अवघड पातळीवर ८०. पिंपं, पेट्या धुंडाळत राहा, सहसा कमी पडत नाही.
- छोट्या विश्रांती दोन, प्रत्येकीत निम्मी हेल्थ भरते. आधी त्या वापर. वॉरलॉकचे (हा जादूगाराचा एक प्रकार) मंत्रही त्यातच परत येतात.
- जळती सराय दिसली की मात्र आधी आत शीर. झोपून आलास तर आतली माणसं मेलेली असतील.

'झोपेवर आणखी बंधन हवं' म्हणणाऱ्यांशी मी निम्मा सहमत आहे. असे परिणाम गेममध्ये मोजकेच, म्हणून तर ती सराय डोक्यातून जात नाही. पण तो वाद एकदा गेम संपवल्यावर घालू. तोवर काही बिघडलं तरी लगेच जुना सेव्ह उघडू नकोस.